वंदूस पत्र, सीए रिपोर्टाबद्दल

मिरज, रविवार

प्रिय वंदू,

परवा फोनवर तू, सरकारी वकील म्हणून लढतेस त्या खटल्यातल्या शर्टावरच्या डागाबद्दल म्हणालीस, "सीए रिपोर्ट, म्हणजे केमिकल अॅनालायझरचा अहवाल, रक्तासाठी पॉझिटिव्ह आलाय, आता बचाव पक्षाला बोलायला उरलंच काय?" समोर पेशंट ताटकळले होते म्हणून मी गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. वीस वर्षं लॅबमध्ये काढलीत मी, अजूनही 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकला की पोटात आधी धस्स होतं.

लिंडी चेंबरलेन आठवते तुला? १७ ऑगस्ट १९८०, ऑस्ट्रेलियात उलुरू नावाच्या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी तंबू, आत नऊ आठवड्यांची अझारिया झोपलेली. आई तंबूपाशी गेली आणि ओरडली, डिंगोनं माझं बाळ नेलं. डिंगो म्हणजे तिकडचा रानकुत्रा. तिथले मूळ रहिवासी अनंगू लोक माग काढण्यात तरबेज. वाळूतल्या पावलांवरून डिंगोनं काहीतरी उचलून नेलंय, हे त्यांनी ओळखलं. पहिल्या चौकशीत कोरोनर (मृत्यूचं कारण तपासणारे अधिकारी) डेनिस बॅरिट यांनीही आईचं म्हणणं मान्य केलं.

मग प्रयोगशाळेचे अहवाल आले. चेंबरलेनांची टोराना गाडी घटनेनंतर वर्षभरानं ताब्यात घेतली होती. डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला काही शिंतोडे दिसले, आणि ते लहान बाळाच्या रक्ताचे आहेत, असा निष्कर्ष निघाला. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच उरलेलं असतं, ते सहाएक महिन्यांत कमी होत जातं. म्हणजे सरळच झालं ना, बाळाचंच रक्त, आईनंच गाडीत गळा चिरला! लंडनहून आलेल्या तज्ज्ञानं बाळाच्या कपड्यावर रक्ताळलेल्या हाताचा ठसाही दाखवला. हेतू काय, ते सरकार पक्षाला सांगता आलं नाही. तरी २९ ऑक्टोबर १९८२ ला डार्विनमध्ये लिंडीला जन्मठेप झाली. ती तेव्हा दिवस भरत आलेली गरोदर होती गं. पुढच्याच महिन्यात, कैदेत असताना, तिला मुलगी झाली.

आता ते शिंतोडे कसले होते, ऐक. गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यातच फवारतात ते डांबरासारखं रसायन! त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाड्यांतही तसेच शिंतोडे सापडले. चेंबरलेन राहायचे माउंट आयझाला, तांब्याच्या खाणींच्या गावात, आणि रक्ताच्या प्राथमिक चाचणीत तांब्याची धूळही रंग देते. कपड्यावरचा 'हात' म्हणजे बराचसा लाल वाळूचा डाग निघाला.

हे वाचताना मला आमचे एक आजोबा आठवले. शौचातलं लपलेलं रक्त तपासायला आले होते. थेंब टाकला आणि डोळ्यांदेखत कागद निळा झाला. मुलगा शेजारी उभा, त्याचा चेहरा पांढराफटक. आजोबांना विचारलं, काल काय जेवलात? म्हणे, मुळ्याची कोशिंबीर, दोनदा वाढून घेतली. मुळ्यानंही तो कागद निळा होतो; ते पथ्य सांगायचं राहून गेलं होतं, माझ्याकडूनच. तीन दिवसांनी पुन्हा केली, कागद कोराच राहिला. तो निळा रंग रक्ताचाच आहे की दुसऱ्या कशाचा, हे कागद सांगत नाही गं. ते माझं मला शोधावं लागतं.

आणि सगळ्यात जिवाला लागलं ते वेगळंच. ज्या प्लेटांवर बाळाच्या रक्ताची चाचणी झाली, त्या प्रयोगशाळेनं नेहमीच्या रिवाजाप्रमाणे टाकून दिल्या होत्या. बचावाच्या तज्ज्ञांनी बघायचं काय? उरले फक्त अहवालातले शब्द, आणि ज्यूरीनं त्या शब्दांवर विश्वास ठेवला.

लिंडी पहिल्या दिवसापासून सांगत होती, बाळाच्या अंगात वरून विणीचं जाकीट होतं. आतल्या कपड्यावर डिंगोची लाळ का नाही, याचं उत्तर त्यातच होतं. सरकार पक्षानं तिला खोटी ठरवलं. १९८६ च्या फेब्रुवारीत उलुरूवरून पडलेल्या एका पर्यटकाचा शोध घेताना ते जाकीट सापडलं, डिंगोंच्या वावराच्या भागात. पाचेक दिवसांत तिला सोडलं. १९८७ च्या मोरलिंग आयोगानं तो वैज्ञानिक पुरावा तपासला आणि म्हटलं, हे सगळं खटल्याच्या वेळी पुढे असतं तर न्यायाधीशांना ज्यूरीला निर्दोष सोडायलाच सांगावं लागलं असतं. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचं नाव यायला मात्र २०१२ उजाडलं.

वंदू, तू सरकार पक्षातर्फे उभी आहेस म्हणूनच तुला लिहितेय. तुझा आरोपी निर्दोष आहे, असं माझं म्हणणं नाही. मला त्यातलं काहीच ठाऊक नाही. पण शर्टावरच्या डागाचा रिपोर्ट पुन्हा उघड. चाचणी प्राथमिक होती की खात्रीची? सोबत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी आधीच माहीत असलेला नमुना, लावला होता का? मुद्देमालातला नमुना थोडा तरी शिल्लक आहे का, की संपवला? आणि तपासणाऱ्याच्या हातच्या नोंदी मागवून घे, टाइप केलेलं शेवटचं पान पुरे नाही.

पुढच्या तारखेआधी एका रात्री नऊनंतर फोन कर. नावं-गावं नकोत, फक्त रिपोर्टातलं ते डागाबद्दलचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखव. मी वही घेऊन बसते.

काकूंना नमस्कार.

तुझी,
शुभा