छडी तुझीच होती

वडणगे,
रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुऱ्या,

चार महिने तुझे फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसता अंगठा दाखवला. त्याबद्दल काय घालायच्या त्या शिव्या घाल, पण हे पत्र संपल्यावर. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसला असतास, नाहीतर भडकला असतास. आज मला दोन्ही झेपणार नाही.

आई बरी आहे, गुडघे सोडले तर. माझी साखर गोळीवर आहे. झालं.

आज मी हरणीला, आपल्या घोडीला, मारलं.

तुझ्या त्या छडीनं. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तू हौसेनं घेतलीस ती, लाल गोंड्याची. 'भिंतीवर शोभेल' म्हणाला होतास. तीन वर्षं शोभतच होती. त्या वेळचा रुमालाखालचा सौदा आठवतोय का? व्यापारी बोटं दाबतोय, तू चेहरा गंभीर करून मान हलवतोयस, आणि कुठलं बोट म्हणजे किती हे तुला ठाऊकच नाही! त्या मानेपायी माझे दहा हजार जास्त गेले. पण ती अदंत शिंगी, दुधाचे दातही न बदललेली घोडी, बघून माझी तरी मान कुठं ताळ्यावर होती म्हणा.

उद्या तिचं पहिलं प्रदर्शन. टेम्पो पहाटे पाचला येतोय. दोन ठिकाणी नाव घातलंय, एक हातात धरून दाखवायचं आणि दुसरं रेवाल चालीचं, त्या न हिंदकळणाऱ्या चालीचं. रेवालीला वर पोरगी बसणार. आठवडाभर घोडी अशी चालत होती की अण्णा म्हणाले, 'पाण्याचा पेला भरून घेऊन बसा, थेंब सांडणार नाही.' मी खरंच स्टीलचा पेला घेऊन बसलो. सांडला, पण थोडाच. तो माझ्या पोटाचा दोष.

आणि आज दुपारी, चिखलीच्या रस्त्याला, तीच घोडी परकी झाली. लगाम घालतानाच तोंड वर, दात घट्ट. कशीबशी कडी तोंडात गेली तर नुसती चावत बसली. कान मागं चिकटवलेले. तुला माहीत आहे तिचे कान कसे टोकाला टोक लावून उभे असतात. आज डोक्याला कानच नसल्यासारखी दिसत होती. शेपूट सारखी फटकारत होती. डावीकडं वळायची, उजवीकडचा लगाम ओढला की थांबायची आणि उलटी चालत उसात शिरायची. बुजली म्हणावं तर तसंही नाही. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर गाणी बडवत शेजारून गेला, तिनं बघितलंसुद्धा नाही.

पोरगी उतरली. म्हणाली, "बाबा, आज राहू दे. ती नाही म्हणतेय."

मी म्हणालो, "आणि उद्या पंचांसमोर नाही म्हणाली मग?"

तिथंच सोडायला पाहिजे होतं. पाणी पाजून, खरारा करून, गप बांधायला पाहिजे होतं. पण बांधावर कोण उभं होतं विचार. तोच. 'मारवाडी घोडं आपल्या मातीत टिकत न्हाई' म्हणणारा. सोबत ऊसतोडीची चार माणसं. मग काय, मी स्वतः चढलो. पाऊण तास तिला उजवीकडं फिरवायचा नाद केला. ती घामानं फेसाळली, मीही. शेवटी ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि मी खाली उतरून तीन छड्या ओढल्या. पहिली शिकवण्यासाठी होती, असं मी अण्णांना सांगितलं. दुसरी-तिसरीचं काय सांगणार? त्या बांधावरच्या माणसाच्या होत्या, बसल्या हिच्या पाठीवर.

पोरगीनं माझ्या हातातून दोर काढून घेतला. लगाम उतरवला, मोरकी घातली आणि तिला घेऊन चालायला लागली. एक शब्द नाही. मागून मी, खोगीर डोक्यावर घेऊन. दीड मैल. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं विचारलं, "काय पाटील, घोडं बदललं काय?"

घरी आल्यावर चंदीला तोंड लावलं आणि सोडलं. माझ्या पोटात गोळा आला. पोटशूळ म्हटलं की मला तुमच्या पागेतली ती रात्रच आठवते. घोड्याला उलटी करता येत नाही, आत अडकलं की अडकलं, हे तुझ्या आजोबांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. (त्याच रात्री त्यांनी शाहू महाराज खडखड्यात, त्या घोडागाडीत, बसून घोडी कशी हाकायचे तेही सांगितलं होतं, आपल्याला जागं ठेवायला.) तर मी जबड्याखाली बोट धरून मोजलं, मिनिटाला चाळीस. हिरड्या गुलाबी. कुशीला कान लावला, आत गुरगुर व्यवस्थित. लीद टाकलेली. म्हणजे पोटशूळ नव्हता.

मग साडेआठला गव्हाण साफ करताना हाताला काहीतरी टोचलं. खडा वाटला. बॅटरीत बघितलं तर दाढ. म्हणजे आख्खी नाही, वरचं टोपण, खाली मुळाची अणकुचीदार टोकं. डॉक्टरना फोन लावला तर म्हणाले, "चार वर्षांची आहे ना? दुधाची शेवटची दाढ असणार. खालून पक्की वर ढकलते, हे सैल होऊन हिरडीला टोचत राहतं. लगामाला कुरकुर करणारच." मला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात म्हणाले, "पण सगळं दाढेवर ढकलू नका. पाऊण तास कशाला फिरवलंत?"

आता कळलं का तुलाच का लिहितोय? आपला घोडा सुलतान. मान झटकायला लागला तेव्हा तू म्हणाला होतास, "तोंड उघडून बघूया." आणि मी म्हणालो होतो, "तुझा बाप टांगेवाला आहे, डॉक्टर न्हवं." नंतर त्याच्या गालाला आतून दाढेच्या धारेनं पडलेली जखम बघितली आपण. सहा महिने बोलला नाहीस. बरोबर केलंस. तरी त्याला शर्यतीला जुंपायचं दोघांनी ठरवलं होतं, हे तू सोयीनं विसरतोस, ते मी विसरलेलो नाही. पण बापाचं काढायला नको होतं. एवढी वर्षं बोललो नाही, आज बोलतोय.

पोरगी अजून बोलत नाही. जेवली, उठली, पागेत कांबळं टाकून झोपली. आईनं विचारलं तर म्हणाली, "तिला सोबत पाहिजे." दाढेचं टोपण मी तिच्या उशाशी ठेवलं होतं. तिनं ते बघितलं आणि खिशात घातलं.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोराला बारावीला चांगले मार्क पडले म्हणे, अभिनंदन, उशिरा का होईना. वहिनींना सांग, तांबडा-पांढरा उधार आहे. तिकडं नांदेडला तुला कोण घालणार रे तसला रस्सा. ये एकदा.

आता एक वाजलाय. मघाशी पागेत डोकावलो. हरणी आडवी झाली आहे, पाय पोटाशी घेऊन, नाक कडब्यात टेकवून. उभ्यानं डुलक्या ती रोज काढते, आडवी क्वचित होते, आणि माझ्यासमोर तर आजवर झालेली नाही. माझी चाहूल लागली तशी एक कान फिरला, पण उठली नाही. ते पोरगीमुळं, हे मला कळतं.

रेवालीतून नाव काढायचं ठरवलंय, पैसे बुडाले तर बुडाले. हातात धरून दाखवायचं का नाही ते पोरगी ठरवेल. पावणेपाचला उठवून विचारणार आहे. मोरकी पिशवीत घातली, लगाम खुंटीलाच आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. छडी कुरियरनं पाठवतोय. तुझ्या भिंतीवर लाव.