आपलंच मॅन्युअल परक्यासारखं वाचणाऱ्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

आमचा संशोधन पेपर स्वीकारल्याचं काल कळलं. लेखकांच्या यादीत तुमचं नाव हवं असं मी सुचवलं होतं, तुम्ही नको म्हणालात. आभारांच्या बारीक टायपातल्या एका ओळीवर माझं समाधान होत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्या सॉफ्टवेअर टूलबद्दल तुम्हाला पहिला ईमेल लिहिला तेव्हा मी पुरती मेटाकुटीला आले होते. ज्या जुन्या पेपरच्या पद्धतीवर माझं काम उभं होतं, त्यात 'कोड मागणी केल्यास उपलब्ध' असं छापलेलं होतं. मागणी केली, उत्तर नाही. पुन्हा पुन्हा आठवण करून दिली, तेव्हा एक झिप फाईल आली. कोणतं पॅकेज, कोणतं व्हर्जन, आधी काय चालवायचं, नंतर काय, कशाचाच पत्ता नाही. पहिल्याच ओळीत कुणाच्या तरी लॅपटॉपच्या डेस्कटॉपचा पाथ. विचारलं, तर 'आमच्याकडे चालतं' एवढंच उत्तर. प्रयोगशाळेत कुणी द्रावणाचं प्रमाण न सांगता 'आमच्याकडे रंग बदलतो' असं लिहिलं, तर रिव्ह्यूअर तो पेपर हातात धरणार नाही. कोडच्या बाबतीत मात्र हे खपवून घेतलं जातं. ज्यांच्याकडे मदतीला गेले त्यांनीही 'आधी लिनक्स नीट शिकून या' म्हणून वाटेला लावलं.

'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने २०१६ मध्ये १,५७६ संशोधकांना विचारलं होतं. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करायला गेलो आणि जमलं नाही, असं सत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं. हा आकडा मी भाषणांतून कितीदा तरी ऐकला होता. त्या झिप फाईलसमोर बसल्यावर तो अंगावर आला.

तीच पद्धत वापरणारं तुमचं टूल सगळ्यांसाठी खुलं होतं, पण माझ्याकडे तेही इन्स्टॉल होईना. तुम्हाला एररचा स्क्रीनशॉट पाठवला. मला वाटलं, चार लिंका येतील. तुम्ही कॉलची वेळ दिलीत. कॉलवर तुम्ही एक नवं कोरं, रिकामं मशीन उघडलंत आणि म्हणालात, "मॅन्युअल तुम्ही वाचा, मी टाइप करते. लिहिलंय तेवढंच करणार. मला जे माहीत आहे ते मध्ये घालणार नाही."

मी वाचत गेले. तिसऱ्या पायरीला तुमच्या स्क्रीनवर तोच एरर आला, अक्षरन् अक्षर तोच. एक लायब्ररी (टूलला लागणारा तयार कोडचा संच) मशीनवर आधीपासून असणारच, असं मॅन्युअलने धरून चाललं होतं. तुमच्या नेहमीच्या मशीनवर ती वर्षानुवर्षं होती, त्यामुळे ही उणीव कधी समोरच आली नव्हती. तुम्ही क्षणभर स्क्रीनकडे बघितलंत आणि म्हणालात, "इथे कुणीही अडकेल."

मॅडम, बाकी मदतीचं मोल आहेच, पण मला सावरलं ते या वाक्याने. दोष माझ्या अकलेचा आहे हे तोवर इतक्या जणांनी इतक्या परींनी सुचवलं होतं की मीही ते मानायला लागले होते. तुम्ही समजूत घातली नाहीत, धीराचे शब्द बोलला नाहीत. माझ्या जागी येऊन बसलात आणि तिथून काय दिसतं ते पाहिलंत. कॉल संपायच्या आत मॅन्युअलमध्ये ती पायरी आली होती. दुसऱ्या दिवशी एररचा मजकूरही बदलला. आधी तिथे निव्वळ एक कोड नंबर यायचा. आता कोणती लायब्ररी सापडत नाही आणि ती बसवायची कमांड कोणती, हे दोन्ही तिथेच लिहून येतं.

मग तुम्ही ती झिपसुद्धा मागून घेतलीत. तुमचा तिच्याशी काही संबंध नव्हता. कोड चालला, पण आकडे छापलेल्या तक्त्याशी जुळेनात. सीड (यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो) तोच, डेटा तोच, उत्तर वेगळं. तुम्ही एकच विचारलंत, "पेपर कोणत्या सालचा?" मी २०१८ सांगितलं आणि तुम्हाला उलगडा झाला. तो कोड आर या सांख्यिकीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत होता आणि तिच्या ३.६.० या व्हर्जनमध्ये, एप्रिल २०१९ मध्ये, यादृच्छिक नमुना निवडायची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत मोठ्या संचातून निवड करताना किंचित पक्षपात व्हायचा, तेव्हा बदल योग्यच होता. पण त्यामुळे तोच सीड दिला तरी नमुना वेगळा निघतो. तुम्ही जुनं व्हर्जन घालून कोड चालवलात आणि तक्ता शेवटच्या दशांशापर्यंत जुळला.

म्हणजे त्या लेखकांचं काम खरं होतं! हे कळल्यावर मला त्यांचा जास्तच राग आला. आरमध्ये सेशनइन्फो नावाची कमांड आहे. ती भाषेचं आणि लोड केलेल्या प्रत्येक पॅकेजचं व्हर्जन छापून देते, मिनिटभरही लागत नाही. ती यादी झिपमध्ये टाकली असती, तर चांगल्या कामावर संशय घ्यायची वेळ कुणावर आली नसती.

तुम्ही सगळं एका कंटेनरमध्ये, म्हणजे कोड आणि त्याला लागणारी सगळी सॉफ्टवेअर एकत्र बांधलेल्या पेटीत, बंद करून दिलंत. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला सहसा रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार लागतात आणि अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकांच्या क्लस्टरवर ते आम्हाला कोण देणार? हे ओळखून, मी न मागता, त्या अधिकारांशिवाय चालणाऱ्या अ‍ॅपटेनरची इमेजही, म्हणजे कंटेनरची तयार फाईलही, पाठवलीत.

स्टॅनफर्डचे भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी १९९२ मध्येच हा आग्रह धरला होता की पेपरमधली आकृती मूळ डेटा आणि कोडवरून दुसऱ्याला पुन्हा काढता आली पाहिजे. त्यानंतर साधनं किती आली, पण ती आमच्यासारख्यांच्या हाती नीट पडावीत म्हणून खपणारी माणसं अजून थोडीच. तुम्ही जे करता त्याला 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे नावसुद्धा २०१२ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये मिळालं. मॅन्युअलमधली एक ओळ नीट केली म्हणून कुणाला बढती मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. अनुदान देणाऱ्यांनी आणि निवड समित्यांनी पेपर मोजताना हेही मोजायला हवं, आणि जिथे जिथे मला मत विचारलं जाईल तिथे मी हे सांगणार आहे.

आमचा कोड, डेटा आणि तुमची इमेज झेनोडो या खुल्या संशोधन-संग्रहावर ठेवली आहे, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळाला आहे. पेपरच्या संदर्भांत तुमच्या टूलचा व्हर्जनसकट स्वतंत्र उल्लेख केला आहे, त्याला तरी नाही म्हणू नका. आणि टूलचं पुढचं व्हर्जन आणाल तेव्हा रिकामं मशीन घेऊन मी बसते. मॅन्युअल तुम्ही वाचा, टाइप मी करेन.

तुमची कृतज्ञ,
तिसऱ्या पायरीला अडकलेली एक जीवशास्त्रज्ञ