चॅप्लिनच्या जाहिरातीने पीसी जिंकला नाही

महोदय,

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीच्या, म्हणजे पर्सनल कॉम्प्युटरच्या, यशाचे सगळे श्रेय चार्ली चॅप्लिनच्या वेशातल्या नटाच्या जाहिरातींना देणारा कालच्या पुरवणीतला लेख वाचून राग आला. तोच चॅप्लिन आयबीएमने पीसीज्युनिअर या घरगुती वापराच्या धाकट्या यंत्रासाठीही उभा केला होता. १९८४ च्या सुरुवातीला बाजारात आलेले ते यंत्र मार्च १९८५ मध्ये बंद करावे लागले. कीबोर्डवर धड टाइप होत नसे आणि पीसीची कितीतरी सॉफ्टवेअर त्यावर चालत नसत. कंपनी तीच, चेहरा तोच. मग जाहिरात कुठे कमी पडली?

आपल्याकडे तर आयबीएम १९७८ मध्येच भारत सोडून गेली होती. तरी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात संगणक दुरुस्त करायचो, तेव्हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असे, "आयबीएम कंपॅटिबल आहे ना?" म्हणजे आयबीएमच्या पीसीशी जुळणारे. पीसीवर चालणारी लोटस १-२-३, वर्डस्टार, डीबेस ही सॉफ्टवेअर हवी असायची, म्हणून. एका पतसंस्थेने मात्र जोरदार जाहिरात करणाऱ्या एका कंपनीचे, पीसीशी न जुळणारे यंत्र घेतले होते. ऐन मार्चअखेरीस त्याचे डिस्प्ले कार्ड, म्हणजे पडद्यावर अक्षरे उमटवणारे सर्किट, गेले. कंपनीचा माणूस "पार्ट वरून यायचाय" एवढेच सांगत राहिला. सचिव रोज माझ्याकडे येऊन बसत आणि मला काही करता येत नव्हते, कारण कंपनी सर्किट डायग्राम कुणालाच देत नव्हती. शेवटी साऱ्या खतावण्या कारकुनांनी रात्री जागून हाताने लिहिल्या. त्या माणसांचे झालेले हाल मला आजही सलतात. पीसी असता तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरे कार्ड आणून बसवले असते.

हे शक्य होते, कारण आयबीएमने पीसीला जादा कार्डे बसवायला पाच स्लॉट (खाचा) दिले आणि सर्किट व बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे, लिस्टिंग तांत्रिक पुस्तिकेत छापून विकले. त्यावरच तर इतर कंपन्यांचे क्लोन, म्हणजे पीसीसारखीच चालणारी यंत्रे, उभे राहिले. पीसीतला ८०८८ हा त्या काळचा सर्वांत ताकदवान प्रोसेसर नव्हता, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. पण गुणवत्ता म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे. यंत्र उघडता येणे, दुरुस्त होणे, वाढवता येणे हीसुद्धा गुणवत्ताच, आणि ती इंजिनिअरांनी घडवली होती.

आणखी एक. छायाचित्राखाली '१९८१ चा पीसी' असे छापले आहे, पण यंत्राच्या दर्शनी पट्टीवर 'एक्सटी' ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. एक्सटी हे पीसीचे पुढचे मॉडेल १९८३ मध्ये आले, १० मेगाबाइटच्या हार्डडिस्कसह. १९८१ च्या पीसीत हार्डडिस्क नव्हतीच. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, पुणे