हॉस्टेल बघायला दुपारी जाऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी सामाइक प्रवेश फेऱ्यांच्या बातम्या तुमच्या पेपरात रोज येतात, कटऑफ किती, सीट किती, पण पोरं राहणार कुठं यावर कोण लिहित नाही म्हणून हे पत्र. आम्ही गडहिंग्लजचे. मुलीला पुण्यात कॉलेज मिळालं, घरात पेढे वाटून झाले आणि मग कळलं की रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात प्रवेश पक्का करायला, हातात चारच दिवस आहेत आणि हॉस्टेलचा फॉर्म वेगळा आहे. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म, भरताना आम्ही ब्रँच बघितली, प्लेसमेंट बघितली, हॉस्टेल 'आहे' एवढंच वाचलं होतं. फर्स्ट इयरच्या मुलींच्या वाट्याला त्यातल्या किती खाटा येतात हे आम्ही विचारलंच नव्हतं, चूक आमचीच.

मग दोन दिवस कर्वेनगर, कोथरूड पालथं घातलं. कॉट बेसिस हा शब्द मला तिथं नव्याने कळला, एका खोलीत चार कॉट आणि कपाटाचा अर्धा कप्पा. एका ठिकाणी भाड्यावर जीएसटी लागेल म्हणाले. माझा भाचा अकाउंटचं बघतो, त्याला फोन लावला तर तो म्हणाला की जून 2024 च्या जीएसटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये ठरलंय, माणशी महिना 20 हजारांपर्यंत भाडं असेल आणि सलग 90 दिवस राहणार असेल तर जीएसटी नाही. हे त्यांना सांगितल्यावर ते 'बघतो' म्हणाले. आम्ही पण दुसरीकडे बघितलं.

सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो, हॉस्टेल दुपारी दाखवतात. दुपारी सगळं छान असतं, मुली कॉलेजला, बाथरूम रिकामे, नळाला पाणी. आम्ही एका ठिकाणी विसरलेली छत्री घ्यायला रात्री आठला परत गेलो आणि तेव्हा खरं हॉस्टेल दिसलं, एका मजल्यावर तीन बाथरूम, बाहेर बादल्यांची रांग आणि मेसमध्ये पोळ्या संपलेल्या. तिथल्याच दोन मुलींनी हळूच सांगितलं की काका, गरम पाणी साडेसहालाच संपतं, आणि चार दिवस घरी गेलं तरी मेसचे पैसे कापून मिळत नाहीत. ऑफिसात बसलेल्या मॅडमनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या छत्रीने आमचं वर्ष वाचवलं म्हणायचं.

अजून एक, रॅगिंग करणार नाही म्हणून मुलांकडून आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेतात, ते आम्ही मुकाट्याने भरलं. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 च्या त्याच नियमांत फर्स्ट इयरच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा असं पण आहे, ते विचारलं की समोरचा माणूस आपल्याकडे बघतच राहतो. आणि मुलींना गेट आठला बंद, मुलांचं कधी बंद होतं ते रेक्टरलाच माहीत नाही!

आमचे आजोबा कोल्हापुरात बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. शाहू महाराजांनी 1901 ला मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, कारण खेड्यातल्या पोराला शाळा आहे पण राहायला जागा नाही ही अडचण त्यांना कळली होती. आज तीच अडचण आहे, फक्त डिपॉझिट वाढलंय.

माझं मागणं एवढंच की ऑप्शन फॉर्म भरायच्या आधीच प्रत्येक कॉलेजने एक साधा कागद वेबसाइटवर टाकावा, फर्स्ट इयरला खाटा किती, पैसे दहा महिन्यांचे की बारा, मेस सक्तीची का, गेट कधी बंद, डिपॉझिट परत कधी. तुमच्या पुणे आवृत्तीने हे कॉलेजांना विचारून छापलं तर अजूनच बरं.

मुलगी आता एका घरगुती हॉस्टेलात आहे. पहिले पंधरा दिवस फोनवर रोज आमटीला नावं ठेवायची, आता ठेवत नाही. सवय झाली का बाहेर डबा लावलाय, सांगत नाही.

– एक पालक, गडहिंग्लज