परक्या देशाची निवडणूक आणि आपला हिशेब

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या अध्यक्षपदावर पुन्हा दोन पाने आली आहेत. मथळा नेहमीचाच, 'भारताला काय मिळणार?' खाली वाचकांच्या प्रतिक्रिया. एकाला मुलाच्या व्हिसाची काळजी, दुसऱ्याला पाकिस्तानला कोण दम भरेल याची, तिसऱ्याला उमेदवाराच्या आजोळची. एवढ्या मजकुरात अमेरिकेतला एकही मतदार बोलत नाही. पेनसिल्व्हेनिया-मिशिगनमधल्या ज्या माणसांच्या मतांवर तिथला निकाल फिरतो, त्यांना घरभाडे परवडते का, अंडी काय भावाने मिळतात, हे कोणी विचारलेलेच नाही.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो आणि आता गुहागरजवळ नारळ-सुपारीची बाग बघतो. परक्या देशांच्या निवडणुका मी वर्तमानपत्रातून कमी आणि जहाजाच्या मेसरूममधून जास्त पाहिल्या. तिथे ज्याची निवडणूक असते तो माणूस समोर बसून भात खात असतो. त्यामुळे 'आपल्याला काय मिळणार' हा प्रश्न तोंडातून बाहेर पडायलाही जरा लाज वाटते.

जगातल्या जहाजांवर फिलिपिनो किती, हे कोकणातल्या दर्यावर्दी घरांना सांगायला नको. चार खलाशांत एक तरी पिनोय (फिलिपिनो स्वतःला असेच म्हणवतात), असे आम्ही सगळेच म्हणतो. २०१६च्या एप्रिलमध्ये आमचे जहाज सिंगापूरला बंकर, म्हणजे इंधन, घ्यायला थांबले, तेव्हा ज्यांची ड्यूटी नव्हती ते पिनोय लाँच पकडून त्यांच्या दूतावासात गेले. खरेदीला गेले असतील असे मला वाटले होते. ते अध्यक्ष निवडायला गेले होते. त्यांच्या देशाने २००३ साली कायदा करून परदेशातल्या नागरिकांना मताचा हक्क दिला आणि अध्यक्षीय निवडणुकीत परदेशातले मतदान महिनाभर चालते. त्या वर्षी ते ९ एप्रिल ते ९ मे होते. नाव नोंदवलेल्या खलाशाचे जहाज ज्या बंदरात लागेल, तिथल्या दूतावासात तो मत देऊ शकतो. संध्याकाळी परत आल्यावर कोणी कोणाला दिले यावरून मेसमध्ये असा काही कलकलाट झाला, की सेकंड इंजिनिअरला वाटले पंप फुटला.

तिथली पद्धत थोडक्यात सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत, पुन्हा उभे राहता येत नाही. दुसरी फेरी नाही. ज्याला सर्वांत जास्त मते तो अध्यक्ष, मग ती कितीही कमी असोत. १९९२ साली फिदेल रामोस २४ टक्क्यांहूनही कमी मतांवर निवडून आले होते. आणि उपाध्यक्षाचे मत वेगळे. म्हणजे अध्यक्ष एका गोटाचा, उपाध्यक्ष त्याच्या विरोधकांचा, असे होऊ शकते आणि २०१६ला तसेच झाले. रॉद्रिगो दुतेर्ते साधारण ३९ टक्क्यांवर अध्यक्ष झाले आणि उपाध्यक्षपदी लेनी रोब्रेदो आल्या. त्यांनी माजी अध्यक्षांचे चिरंजीव फर्डिनांड मार्कोस (धाकटे) यांना अडीच लाखांहून थोड्या जास्त मतांनी हरवले.

आता बाहेरून हे कसे दिसले? परदेशी वर्तमानपत्रांनी दुतेर्तेंना 'पूर्वेचे ट्रम्प' करून टाकले. ट्रम्प तेव्हा नुसते उमेदवार होते आणि दुतेर्ते दावाओ शहराचे कितीतरी वर्षांचे महापौर. पण बाहेरच्याला आपल्या ओळखीचा चेहरा हवा असतो. शिवीगाळ करतो, ठोकून काढीन म्हणतो, झाला ट्रम्प. पुढे वाचायची गरज नाही.

आमच्या मेसमध्ये या कारणांपैकी एकही ऐकू येत नव्हते. आमचा कुक दावाओचा. आपल्या शहरात बायका रात्री कामावरून एकट्या घरी येतात, हे त्याचे मुख्य पालुपद. बाकीच्यांचे मत मात्र वेगळ्याच गोष्टीने बनले होते, मनिलाच्या विमानतळावरच्या बंदुकीच्या गोळीने. २०१५च्या शेवटी तिथे एक प्रकरण खूप गाजले. प्रवाशाच्या बॅगेत गुपचूप काडतूस टाकायचे, तपासणीत ते 'सापडवायचे' आणि केस नको असेल तर पैसे काढ म्हणायचे. याला ते 'तानिम-बाला' म्हणत. कराराचे सगळे महिने राबून, मुलांसाठी चॉकलेटे आणि साबण भरलेली पेटी घेऊन घरी निघालेल्या खलाशाच्या दृष्टीने याहून हलकट गुन्हा नाही. आमचे पिनोय बॅगा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, चिकटपट्टीचे वेढे देऊन साइन ऑफ होत, म्हणजे जहाज सोडून घरी निघत. एक ऑईलर (इंजिनरूममधला वंगण देणारा खलाशी) तर बॅगेचे खिसे सुईदोऱ्याने शिवत असे. दुतेर्ते ही लूट मोडीन म्हणाले आणि आधीच्या सरकारने ती हसण्यावारी नेली, असे या लोकांचे म्हणणे होते. परदेशातल्या फिलिपिनो मतांत दुतेर्तेंचा वाटा देशातल्यापेक्षा फार मोठा होता. त्याचे कारण शोधायला ट्रम्पपर्यंत जायला नको, विमानतळाच्या एक्सरे मशीनपर्यंत गेले तरी पुरे.

नंतर जे झाले तेही सांगायला हवे. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत सरकारी आकड्यानेच सहा हजारांवर माणसे मेली, मानवाधिकार संघटनांचे आकडे त्याच्या कितीतरी पट आहेत. मार्च २०२५मध्ये दुतेर्तेंना मनिलात पकडून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवले गेले. बॅगेचे खिसे शिवणारा आमचा तो ऑईलर मनिलाच्या दाट वस्तीतला. त्याच्या गल्लीतला एक ट्रायसिकलवाला रात्री गोळी घालून मारला गेला. त्यानंतर मेसमध्ये मनिलाच्या बातम्या लागल्या, की तो आपला कप उचलून डेकवर जायचा. दुतेर्तेंविरुद्ध मात्र त्याच्या तोंडून शब्द आला नाही. मी विचारलेही नाही.

२०२२ची निवडणूक माझ्या शेवटच्या जहाजावर झाली. या वेळी धाकटे मार्कोस स्वतः अध्यक्षपदाला उभे, समोर रोब्रेदो. मार्कोस यांचे वडील १९६५पासून १९८६पर्यंत सत्तेवर होते, त्यांनी १९७२ला लष्करी कायदा पुकारला आणि शेवटी लाखो लोक मनिलाच्या एडसा हमरस्त्यावर उतरल्यावर ते कुटुंबासह हवाईला पळाले. स्विस बँकांत सापडलेले ६५ कोटी ८० लाख डॉलर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सरकारजमा केले. एवढे सगळे कागदावर असताना त्यांच्या मुलाला ३ कोटी १० लाखांवर मते पडली, जवळजवळ ५९ टक्के. बाहेरच्या पत्रकारांनी दोन वाक्यांत उत्तर दिले. लोकांना टिकटॉकने फसवले, तरुणांना इतिहास माहीत नाही.

ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. मार्कोस घराण्याचे सोने कुठल्याशा प्राचीन राजघराण्याने दिले, असले व्हिडिओ आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) जहाजाच्या तुटपुंज्या वायफायवर डोळे बारीक करून बघत असे. पण बोसन काही तरुण नव्हता. तो उत्तरेकडच्या इलोकोस नोर्तेचा, मार्कोस यांच्याच प्रांतातला, आणि थोरल्या मार्कोसना पळावे लागले तेव्हा चांगला कळता होता. त्याचे गणित असे: एडसानंतर लोकशाही आली, म्हणजे अमुक घराणी गेली आणि तमुक घराणी आली. आम्हाला मनिंग एजंटच्या, म्हणजे जहाजावर नोकरी लावणाऱ्या दलालाच्या, दारात फाटक्या खुर्चीवर बसून राहायचेच होते. तुम्ही म्हणता चोर. बाकीच्यांना काय म्हणता? यावर आमचा थर्ड ऑफिसर, नागा शहराचा, रोब्रेदोंच्या गावचा, भयंकर चिडायचा. त्याने गुलाबी टी-शर्ट आणला होता, रोब्रेदोंचा प्रचाराचा रंग गुलाबी. बोसनने तो इंजिनरूमच्या चिंध्यांच्या पोत्यात टाकला आणि थर्ड ऑफिसरने तो शोधून, धुऊन, बोसनच्याच केबिनसमोर वाळत घातला. दोघे सलग कित्येक दिवस एकमेकांशी फक्त कामापुरते बोलत. बंदरात नांगर टाकायच्या वेळी मात्र एक ब्रिजवर, दुसरा फोक्सलवर (जहाजाच्या पुढच्या टोकाला), वॉकीटॉकीवर सगळे सुरळीत.

मी तेव्हा रोब्रेदोंच्या बाजूचा होतो, आजही आहे. पण माझे मत तिथे कोणी मागितले नव्हते आणि ते बरोबरच होते.

या दोन निवडणुकांच्या मधे, २०१९ला, एका जहाजावर ओडेसाचा युक्रेनियन सेकंड इंजिनिअर होता. त्या वर्षी त्यांच्याकडे टीव्हीवर अध्यक्षाची भूमिका करणारा विनोदी नट झेलेन्स्की दुसऱ्या फेरीत ७३ टक्के मतांनी खराच अध्यक्ष झाला. सेकंड खुशीत होता. पिनोय फिटरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, आमच्याकडेही १९९८ला नट आला होता, एस्त्रादा. २००१ला लोकांनीच घालवला. सेकंडला ही तुलना अजिबात आवडली नाही. पुढे युद्ध झाले आणि फिटरची तुलना कुठल्या कुठे राहिली. बाहेरच्याची उपमा अशीच असते, स्वतःच्या घरातल्या भांड्याने दुसऱ्याचे धान्य मोजायचे.

संपादक महोदय, आपण म्हणाल, फिलिपिन्सचे आम्हाला काय? तर तुमच्याच मोजपट्टीने सांगतो. मनिलात हिंदुस्थानी माणूस म्हटला की सामान्य फिलिपिनोच्या डोळ्यांसमोर मोटरसायकलवरून वसुली करणारा पंजाबी सावकार येतो. पाच देऊन सहा घेतो, म्हणून त्या धंद्याचे नावच 'फाइव्ह-सिक्स'. २०१७च्या सुरुवातीला दुतेर्ते यांच्या सरकारने या धंद्यातल्या परदेशी लोकांना पकडण्याची भाषा केली, तेव्हा हजारो भारतीय कुटुंबांचे धाबे दणाणले. जहाजावर कुकने मला हसत विचारले होते, 'चीफ, तुमचे मनिलात कोणी आहे का?' २०२२च्या जानेवारीत त्याच देशाने आपल्याकडून ब्राह्मोस घेण्याचा ३७ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला आणि २०२४च्या एप्रिलमध्ये पहिली खेप तिथे पोहोचली. पण त्यांची निवडणूक आपल्याकडे आतल्या पानावर, तळाशी, एका परिच्छेदात.

आणि जिथे आपण जीव ओततो तिथे तरी हिशेब बरोबर येतो का? २०१६ला दिल्लीत ट्रम्प यांच्या विजयासाठी होम झाला, २०२०ला आणि पुन्हा २०२४ला तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम गावात कमला हॅरिस यांच्यासाठी देवळात पूजा झाली. होमवाल्यांचा उमेदवार दोनदा निवडून आला. त्याच्याच दुसऱ्या कारकिर्दीत, २०२५च्या ऑगस्टमध्ये, भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले. कोळंबी निर्यात करणाऱ्यांचे फोन तेव्हा कसे वाजत होते, हे किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा. त्या धूरभरल्या होमाच्या ठिकाणी कोणी मिशिगनच्या कारखान्यातल्या कामगाराला काय हवे आहे हे वाचले असते, तर त्याला स्वस्त परदेशी माल नकोच आहे आणि उमेदवार हे जाहीर सभेत सांगतोच आहे, एवढे तरी कळले असते. शुल्काचे आश्चर्य फक्त आपल्यालाच वाटले.

आणखी एक गोष्ट, थोडी आडवाटेची. सिंगापूरच्या त्या संध्याकाळी थर्ड इंजिनिअरने, तोही पिनोय, मला विचारले, तुमच्याकडे निवडणूक झाली की तुम्ही कुठे मत देता? मी सांगितले, गावातल्या शाळेत, घरी असलो तर. त्याला वाटले मी थट्टा करतोय. जगातली सर्वांत मोठी लोकशाही आणि समुद्रावरच्या खलाशाला मत नाही? सैनिकाला टपाली मत आहे, परदेशातल्या वकिलातीत नेमलेल्या सरकारी नोकराला आहे. खलाशाला जहाजावरून मत देण्याची सोय आजही नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला नाव नोंदवता येते, पण मतदान प्रत्यक्ष गावी येऊनच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी किती घरे आहेत, ज्यांच्या मतदारयादीत नाव आहे आणि बोटाला शाई क्वचितच लागली आहे. यावर आपण दोन पाने दिलीत तर मला आनंद होईल.

फिलिपिन्सची पुढची अध्यक्षीय निवडणूक मे २०२८मध्ये आहे. तेव्हा 'भारताला काय मिळणार' या चौकटीऐवजी एखाद्या मतदाराला बोलते करावे, अशी विनंती. मनिलाला बातमीदार पाठवायचा खर्च नको. आमचा बोसन आता निवृत्त होऊन इलोकोसमध्ये लसूण लावतो आणि व्हॉट्सॲपवर असतो. थर्ड ऑफिसर आता चीफ मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, आहे, जहाज कुठे असेल सांगता येत नाही, पण उत्तर देतो. दोघांना मी विचारले आहे, दोघेही बोलायला तयार आहेत. बोसनची अट एवढीच, की आधी त्याचे छापायचे. थर्ड ऑफिसरचीही तीच अट आहे.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
गुहागर, जि. रत्नागिरी