गाडी ठरवण्याआधी व्हीलचेअर घेऊन शोरूमला जा

सोलापूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, 'बाबा, हायब्रिड घेऊ की साधी पेट्रोल?' असला हिशेब फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

शोरूममधला मुलगा 'हायब्रिड' म्हणाला की आधी विचार, स्ट्राँग की माइल्ड? मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर दोन्ही प्रकारांत येतात आणि लोक इथेच फसतात. माइल्डमधली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँगमध्ये ट्रॅफिकात इंजिन आपोआप बंद होऊन गाडी बॅटरीवर सरकते आणि ब्रेक दाबला की तीच बॅटरी थोडी भरून घेते. घरी चार्जिंगची गरज नाही. जाहिरातीतलं लिटरला 27.97 किमीचं ॲव्हरेज स्ट्राँगचं आहे, आणि ते रोजच्या रस्त्यावर मिळेल असं धरू नकोस.

आता तुमचं रनिंग. जावईबापूंचं रोजचं हडपसर ते हिंजवडी, वर आमच्याकडच्या फेऱ्या, म्हणजे वर्षाला 20,000 किमी होतील. साधी ऑटोमॅटिक लिटरला 14 देईल आणि हायब्रिड 22, असं धर. वर्षाला 520 लिटर पेट्रोल वाचेल. 105 रुपये भावाने ते साडेचोपन्न हजार होतात. दोन्ही गाड्यांत अडीच लाखांचा फरक असेल, तर साडेचार वर्षांत तो भरून निघेल. माझं रनिंग जुळे सोलापूर ते सात रस्ता, फार तर महिन्यातून एकदा अक्कलकोट. मला ते पैसे अकरा वर्षांतही वसूल झाले नसते. म्हणून म्हणतो, ही गाडी तुझ्यासाठी योग्य आहे, प्रत्येकासाठी नाही. हायवेला 100 च्या स्पीडने चाललात तर फायदा कमी होतो, हेही लक्षात ठेव. खरी बचत मगरपट्ट्याच्या सिग्नलवर आहे.

भरवशाचं म्हणशील, तर माझं मत पक्कं आहे. तू आठवीत होतीस, मे महिना होता. टेंभुर्णीच्या अलीकडे आपल्या जुन्या गाडीचा क्लच गेला. तुला आणि आईला तीन तास उन्हात बसवून ठेवलं मी. ती दुपार मी अजून विसरलो नाही. या स्ट्राँग हायब्रिडमध्ये क्लचप्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. टोयोटाने 1997 मध्ये प्रियसमध्ये आणलेली ही पद्धत आहे. दोन मोटरी आणि गिअरचा एक संच, बस. ब्रेकपॅडही जास्त टिकतात. हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी आहे, ती कागदावर लिहून घे. मात्र बॉनेटखाली नारिंगी वायर दिसली तर नाक्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नकोस. तिच्यात जास्त व्होल्टेज असतं.

आपल्याकडचा उन्हाळा तुला माहीत आहे. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरीला थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तुझ्या गाडीत ती कुठे आहे हे दाखवून घे. आणि आईने दिलेली चादर मुलांच्या पायावरून सरकून त्या जाळीवर पडणार नाही, एवढं बघ. शेंगांची टरफलंही तिथे जाऊ देऊ नका.

आता महत्त्वाचं. बॅटरी डिकीच्या खाली बसवलेली असल्याने या गाड्यांची डिकी उथळ आहे. सासूबाईंची घडीची व्हीलचेअर आत बसते की नाही, ते ब्रोशर वाचून कळणार नाही. ती खुर्ची सोबत ने आणि तिथेच डिकीत ठेवून बघ. सासूबाईंनाही ने, मागच्या सीटवर बसवून त्यांचा गुडघा कुठे येतो ते बघ. खुर्ची बसली नाही तर हायब्रिडचा हट्ट सोड, मी काही म्हणणार नाही. इनोव्हा हायक्रॉसमध्ये जागा ऐसपैस आहे, पण तेवढ्यासाठी हप्ता वाढवू नका.

काचेच्या छतावर पैसे घालू नकोस. सोलापुरात मे महिन्यात ते उघडायचं कोणाला? त्यापेक्षा स्ट्राँगमधलं खालचं व्हेरिएंट घे.

शनिवारी टेस्ट ड्राइव्ह घ्या, चौघं बसून, एसी लावून, दिवे घाटात. ऑन-रोड किमतीचा कागद मिळाला की फोटो पाठव, आरटीओ आणि विम्याचे आकडे मी तपासून देतो.

तुझे
बाबा