डब्लिनमधले दुर्लक्षित ग्रंथालय

महोदय,

डब्लिनला जाणारे आपले पर्यटक ट्रिनिटी महाविद्यालयातील ‘बुक ऑफ केल्स’ हे बायबलमधील शुभवर्तमानांचे प्राचीन सचित्र हस्तलिखित पाहून परततात. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलला लागून असलेले, आर्चबिशप नार्सिसस मार्श यांनी १७०७ मध्ये स्थापन केलेले छोटे ग्रंथालय मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. ओकच्या काळपट कपाटांत चामडी बांधणीचे हजारो ग्रंथ आजही तिथे दाटीवाटीने उभे आहेत आणि दुर्मीळ पुस्तक चोरीला जाऊ नये म्हणून वाचकाला ज्यांत कोंडत, ते जाळीचे पिंजरेही शाबूत आहेत. (आपल्याकडील काही ग्रंथपालांना ही कल्पना पसंत पडावी!) मी सर्वाधिक रेंगाळलो ते ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावात बंदुकीच्या गोळ्यांनी पाने भेदलेल्या पुस्तकांपाशी. सहल कंपन्यांनी आपल्या कार्यक्रमात या वास्तूसाठी निदान तासभर राखून ठेवावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे